गोणपाटाने बैठकीची खोली सजवायची आहे. कोणत्या रंगाच्या भिंतीवर शोभेल? शिलाई टाळून कडा ग्लू गनने चिकटवल्या तर चालेल का?

रंगाचं आधी उरकून घेतो. गोणपाटाचा मूळ तपकिरी रंग पांढऱ्या, गडद हिरव्या किंवा निळ्या भिंतीवर उठून दिसतो. बदामी किंवा फिकट पिवळ्या भिंतीवर दिसतच नाही. आता ग्लू गनकडे येतो, कारण त्या एका वाक्यासाठीच हे उत्तर लिहायला बसलो.

नाही, चालणार नाही. "शिलाई नको, नुसतं चिकटवा, दहा मिनिटांत रनर तयार" हा सल्ला रनरसाठी, म्हणजे टेबलावर अंथरायच्या लांब पट्टीसाठी, जिथे तिथे दिला जातो आणि त्यावर मी वर्षानुवर्षं वाद घालत आलो आहे. गोणपाटाची वीण विरळ असते. गरम ग्लू भोकांतून आरपार जातो, बोटं भाजतो आणि उजव्या बाजूला चकचकीत डाग सोडतो. तो सुताला नीट धरत नाही, वरच्या तुसांना धरतो, आणि ती तुसं सुटली की ग्लूची पट्टी अख्खी उपटून येते. इस्त्री लागली किंवा उन्हाच्या खिडकीत तापलं की तो परत मऊ पडतो. कडेला धागा मोकळा असतो म्हणून तो सुटतो. त्याला आडव्या टिपेने अडवायचं असतं, दुसरा इलाज नाही.

पण टिपेच्याही आधी कापणं आहे, आणि निम्मी कामं तिथेच बिघडतात. पट्टी ठेवून खडूने रेघ मारून गोणपाट कापू नका. ठाणावर गुंडाळताना कापड तिरकं ओढलं गेलेलं असतं. रेघ सरळ दिसते, पण ती पाच-सहा आडव्या धाग्यांना छेदून जाते आणि ते सगळे अर्धवट धागे नंतर एकेक करून गळतात. त्याऐवजी कडेला छोटा काप द्या. सुईच्या टोकाने एक आडवा धागा उचला, चिमटीत धरून हळूहळू ओढा. कापडाला चुण्या पडतील. त्या दुसऱ्या हाताने पुढे सारत राहा. धागा मध्येच तुटला तर त्याचं टोक शोधून तिथून पुन्हा ओढा. निघाला की कापडात एक बारीक मोकळी वाट दिसते. कातर त्या वाटेनेच चालवा.

त्याहीआधी कापड धुवा. ताग पाण्याने आटतो, म्हणून मीटरमागे दहा सेंटीमीटर तरी जास्त घ्या. नव्या गोणपाटाला जो तेलकट वास येतो तो सूत काढताना ताग मऊ करायला लावलेल्या तेलाचा. बादलीत कोमट पाणी आणि सौम्य साबण घालून वेगळं भिजवा, पिळू नका, सावलीत वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये टाकलंत तर तुसं निचऱ्याच्या जाळीत आणि पंपात अडकतात. थोडं ओलसर असतानाच इस्त्री करा, नाहीतर चुण्या जाणार नाहीत.

रनर ३५ बाय १८० सेंटीमीटरचा हवा असेल आणि दोन्ही टोकांना चार सेंटीमीटरच्या दशा सोडायच्या असतील, तर त्या मापातच धरा. टोकापासून चार सेंटीमीटर आत एक आडवा धागा ओढून काढा. त्या मोकळ्या वाटेला लागून आतल्या बाजूने बारीक झिगझॅग टीप मारा आणि मगच बाहेरचे आडवे धागे काढा. आधी दशा आणि मग टीप, असा उलटा क्रम केलात तर वीण टिपेखालीच सरकते. लांबीच्या कडा दुहेरी दुमडू नका. कोपऱ्यावर इतके थर साचतात की सुई मोडते. रुंदीला दोन्हीकडे दोन-दोन सेंटीमीटर जास्त ठेवा, एकदाच दुमडा आणि मागून सुती पट्टी लावा. सुई १६ नंबरची, जाड गोणपाटाला १८. टाका साडेतीन ते चार मिलिमीटर, दोरा पॉलिस्टरचा. काम झालं की बॉबिनची जागा ब्रशने साफ करा, नाहीतर पुढच्या कपड्याला टाके गळतील.

पडद्याला अस्तर हवंच, पण ते फक्त वर शिवा, खाली मोकळं सोडा. ताग हवेतला ओलावा भरपूर शोषतो आणि सुती अस्तराबरोबरीने हलत नाही. चारही बाजूंनी शिवलंत तर पडदा फुगे धरतो. खालची दुमड घालण्याआधी पडदा दोन-तीन दिवस टांगून ठेवा. वजनाने तो उतरतो, मग माप घ्या. पांढरं ब्लीच केलेलं गोणपाट खिडकीत नको. तागातल्या लिग्निन या नैसर्गिक घटकामुळे ते उन्हात लवकर पिवळं पडतं.

ग्लूबद्दल एवढं मान्य करतो: बाटलीला किंवा डब्याला गुंडाळायचं असेल, म्हणजे जे कधी धुवायचं नाही, तिथे पांढरा फेव्हिकॉल चालतो. समान पाणी घालून, कापायच्या रेषेवर सेंटीमीटरभर रुंद पट्टा लावा, पूर्ण वाळू द्या, मग त्या पट्ट्यामधून कापा. ग्लू गन तिथेही नकोच. आणि तुम्हाला दहा मिनिटांत रनर देणाऱ्यांना एकच विचारा: तो धुतल्यावर कसा दिसतो?

दोन-चार गोष्टी राहिल्या. ओल येणाऱ्या भिंतीवर गोणपाट लावू नका, मागून बुरशी धरते. आणि ते पटकन पेट घेतं. मेणबत्ती, समई किंवा तापणाऱ्या बल्बजवळ ते नको. घरात धुळीचा त्रास असणारं कुणी असेल तर उशीचे अभ्रे गोणपाटाचे करू नका, कितीही धुतलं तरी तुसं थोडी उडतच राहतात. खताची किंवा औषधाची जुनी पोती धुऊनही घरात घेऊ नका.