‘त्याला कळायला नको का?’

‘मी सगळ्यांचं करते, पण माझ्या वेळेला कोणीच नसतं. मला माणसं ओळखताच येत नाहीत का?’ हा प्रश्न घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येणाऱ्यांत नोकरी आणि घरातलं आजारपण अशा दोन्ही आघाड्या सांभाळणाऱ्या बायका पुष्कळ असतात. त्यांतल्याच एका ताईंची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई डोंबिवलीच्या, नोकरी मुंबईत. आईला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आई त्यांच्याकडेच. थोरला भाऊ पुण्यात. दरमहा पैसे पाठवतो, गणपतीत येऊन जातो. "दादा पक्का स्वार्थी आहे," ताईंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

"हा निकाल झाला. पुरावा काय?" मी विचारलं. त्यांनी तावातावाने व्हॉट्सॲप उघडलं आणि मोठ्याने वाचू लागल्या. ‘सोमवारी आईची फिजिओ आहे. सांगून ठेवते.’ खाली दादाचा नुसता अंगठा. मग नोव्हेंबरातला मेसेज : ‘पेन्शनसाठी आईच्या हयातीच्या दाखल्याचं बघायचंय.’ दादा : ‘मी येऊ का?’ ताई : ‘नको रे, एवढ्यासाठी कुठे धावत येतोस. बघते मी.’ त्याच रात्री मैत्रिणीला मात्र लिहिलेलं : ‘दाखल्यालासुद्धा आला नाही.’

हे वाचताना त्या अडखळल्या. मग म्हणाल्या, "पण मॅडम, त्याला कळायला नको का?"

कळायला हवं होतं, यात शंकाच नाही. एका ‘नको रे’वर तो गप्प बसला, कारण ते त्याच्या सोयीचं होतं. त्यामुळे ‘भाऊ बिचारा निर्दोष’ असं मी म्हणणार नव्हते. समुपदेशक दरवेळी समोरच्याचीच बाजू घेतात ही तक्रार मी ऐकलेली आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण ‘तो कामं अंगावर घ्यायचं टाळतो’ आणि ‘तो स्वार्थी आहे’ यांत फरक आहे. अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाचा आग्रह हाच होता : वागणुकीला नावं ठेवा, अख्ख्या माणसावर शिक्का मारू नका. शिक्का मारला की मागण्यासारखं काही उरतच नाही.

माणूस स्वतःचं माप काढतानाही गडबडतो. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं होतं, घरातल्या कामात तुमचा वाटा किती? दोघांची बेरीज बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या वर गेली. खोटं कोणी बोलत नव्हतं. आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं, एवढंच.

पुढच्या भेटीत मी एकच विचारलं. "समजा दादा म्हणाला, आईला महिनाभर पुण्याला नेतो. पाठवाल?"

ताई लगेच म्हणाल्या, "त्याला जमणारच नाही." मग बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "तो आला ना, की आई दिवसभर त्याचंच कौतुक करते. अंथरूण मी बदलायचं, आणि चहा दादाने केला म्हणून तिच्या डोळ्यांत पाणी! नको वाटतं मला ते."

खरं दुखणं हे होतं. भाऊ येत नाही याचा राग होता आणि तो येऊच नये असंही वाटत होतं. हे कबूल करायला लाज वाटते, म्हणून सगळा हिशेब दादाच्या नावावर चढत होता. त्यात लाजण्यासारखं मला काही दिसलं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

त्यानंतर ताईंनी दादाला फोन करून नेमकं मागितलं : दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार तू डोंबिवलीला राहायचं, आईचं सगळं तू करायचं, मी घरात थांबणार नाही. दादाने एका शनिवार-रविवारचं कबूल केलं, दुसऱ्याला साफ नाही म्हणाला, वर बाईसाठी जादा पैसे द्यायला तयार झाला. ताईंनी ते घेतले आणि दुपारसाठी बाई ठेवली. आईचं लेकाचं कौतुक चालूच आहे. त्या दोन दिवसांत ताई मैत्रिणीकडे जातात. अधूनमधून त्या अजूनही दादाला कामचुकार म्हणतात, आणि थोडा आहेच तो.