हात देवापुढे जोड, माणसाकडे हिशेब माग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू दोन गोष्टी एका दमात बोलून गेलास आणि त्या एकमेकींच्या उरावर बसल्या आहेत, हे तुझ्या ध्यानातही आलं नाही. पहिली अशी की ज्या संस्थेत कॉलेजपासून सतरंज्या उचलल्यास, तिथे मदतनिधीचं काय झालं म्हणून विचारलंस तर "तुझी श्रद्धा कमी पडते" असं ऐकावं लागलं. म्हणून आता देवधर्म सगळं सोडून देणार. दुसरी अशी की या देशाला एक खमक्या माणूस पाहिजे. दहा वर्षं निवडणुका बंद, मग देश कसा उभा राहतो बघा. अरे पोट्ट्या, एका माणसानं तुझा एक प्रश्न झिडकारला तर तुझी झोप उडाली, आणि त्यावर उपाय म्हणून मागतोस काय, तर ज्याला कुणीच काही विचारायचं नाही असा माणूस?

तुझ्या आईसमोर हे बोलणं बरं दिसलं नसतं. फोनवर मला नुसतं रागावता येतं. म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते तुला कंटाळा येईस्तोवर ऐकवणार आहे. हात जोडायचे ते देवापुढे. माणसाकडे हिशेब मागायचा. मग तो नगरसेवक असो, महाराज असो, नाहीतर देश घडवायला निघालेला कुणी असो.

अभ्यासिकेत जाताना तू रोज दीक्षाभूमीवरून जातोस. येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली १३ ऑक्टोबर १९३५ ला, आणि दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली एकवीस वर्षं वाचन, भाषणं, वाद, शंका यांत गेली. तू एका संध्याकाळी सगळं सोडायला निघालास! पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसऱ्या दिवसाची गोष्ट. लाखो माणसं त्यांच्या शब्दावर आली होती. काही न बोलता ते निघून गेले असते तरी एकानं विचारलं नसतं. तरी १५ ऑक्टोबरला ते पुन्हा लोकांपुढे उभे राहिले आणि कारणं सांगितली. नागपूरच का, हेसुद्धा. इथे संघ आहे, त्याला खिजवायला हे गाव निवडलं, अशी बोलवा होती. तसं नाही, ही नाग लोकांची भूमी आहे म्हणून निवडली, असं त्यांनी सांगितलं. ज्याच्यावर लोकांचा इतका विश्वास, त्यानं स्वतः होऊन दिलेला हा हिशेब आहे. तुझ्या त्या संस्थेच्या कार्यालयात त्यांची तसबीर आहे म्हणालास. तिच्याखाली बसूनच तुला ते उत्तर दिलं असेल.

परीक्षेसाठी संविधान स्वीकारल्याची तारीख, २६ नोव्हेंबर १९४९, पाठ केलीस, ठीक. आदल्या दिवशीचं बाबासाहेबांचं संविधान सभेतलं भाषण वाच. धर्मात भक्तीनं मुक्ती मिळत असेल, पण राजकारणात भक्ती ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे, असं ते म्हणून गेलेत. देश नुकता स्वतंत्र झालेला, समोर एकाहून एक थोर माणसं बसलेली, आणि हा गृहस्थ त्यांनाच सांगतोय की थोर माणसाच्याही पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका. त्यांच्या पुतळ्याला हार घालायला सगळे पक्ष रांगेत असतात. हे वाक्य मात्र फलकावर लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तुझ्या दहा वर्षांचं बोलू. तुझा प्रभाग कोणता म्हणून विचारलं तर तू मोबाईल काढलास. राष्ट्राचं नवनिर्माण करायला निघालेल्या माणसाला आपला प्रभाग ठाऊक नाही! आपल्या नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुदत संपायच्या आत नवी निवडणूक पुरी करा, असं ७४ व्या दुरुस्तीनं घटनेतच लिहून ठेवलं आहे. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात गेले, आणि तीन वर्षांहून जास्त काळ या शहराला एकही नगरसेवक नव्हता. १५१ खुर्च्या रिकाम्या, कारभार प्रशासकाकडे. म्हणजे तुला जो प्रयोग करून पाहायचा आहे तो तुझ्या डोळ्यांसमोर झाला. शहर उभं राहिलं का रे? सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसानं अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरांत शिरली. पाऊस काही प्रशासकानं पाडला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सभागृहात उभं राहून, तलावाचं आणि नाल्यांचं काय केलंत, असं शहराच्या वतीनं विचारायला निवडून दिलेला एक माणूस नव्हता. नगरसेवक फार थोर असतात असं मी म्हणत नाही, मला माहीत आहेत ते. पण त्याच्या दारावर रात्री अकरालाही थाप मारता येते.

आपल्याकडे नवनिर्माण म्हणजे मारबत झालीय. तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत काढायची, ज्याच्यावर राग असेल त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, करायचा, "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडायचं, जाळायचं, आणि घरी येऊन आंघोळ करून जेवायचं. मलाही आवडते ती मिरवणूक, लहानपणापासून पाहत आले. पण पुढच्या वर्षी तोच बडग्या नव्या कपड्यांत येतो, हेही पाहत आले.

आणीबाणी लागली तेव्हा मी कॉलेजात होते. गाड्या वेळेवर येतात, कारकून जागेवर सापडतात, असं कौतुक आमच्या शेजारीपाजारी चालायचं. तुरुंगात कोण आहे ते मात्र आवाज खाली आणून सांगायचे. मार्च १९७७ मध्ये मतदान झालं. तेव्हा वय २१ लागायचं, म्हणून मला मत नव्हतं. सारा उत्तर भारत उलटला आणि नागपुरातून मात्र काँग्रेसच निवडून आली. आमचे बाबा भडकले, या लोकांना अक्कल नाही, मताचा हक्कच काढून घ्यायला पाहिजे, म्हणाले. आणीबाणीविरुद्ध बोलणारा माणूस, बरं का! परवा तू बोलत होतास तेव्हा मला बाबाच आठवत होते.

आता श्रद्धेचं. आमच्या लेआउटमधलं मारुतीचं देऊळ वर्गणीतून उभं राहिलं. हनुमान जयंतीच्या महाप्रसादानंतर एका वर्षी खर्चाचा कागद फिरवला, त्यावर तीनच ओळी. मंडप, किराणा, आणि इतर. मंडप आणि किराणा मिळून जेवढे होतात त्याहून "इतर" जास्त. मी विचारलं, इतर म्हणजे काय? सचिव हसून म्हणाले, "मॅडम, देवाच्या कामात हिशेब कसला?" मी म्हटलं, देवाला नको असेल, मला पाहिजे. तेवढ्यावर सभा संपली. पुढच्या नोटिशीत खाली बारीक अक्षरांत छापून आलं की गणसंख्या न भरल्यास सभा अर्ध्या तासानं त्याच जागी घेतली जाईल आणि तिला गणसंख्येची गरज राहणार नाही. म्हणजे आपण येणार नाही हे त्यांनी छापतानाच धरलेलं असतं. मी गेले. आम्ही मोजून सहा माणसं होतो आणि त्यातले चार विश्वस्त.

तुला एक सांगते, हे तुझ्या पुस्तकात नसेल. आपल्याकडचा सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० चा आहे. न्यासाच्या कारभारात "हितसंबंध असलेली व्यक्ती" कोण, हे त्यात सांगितलं आहे, आणि देवळाच्या बाबतीत तिथे नेहमी दर्शनाला जाणारा माणूसही त्यात धरला आहे. कळलं का? वर्गणी किती दिलीस हा प्रश्नच नाही. तू भक्त आहेस, एवढ्यानं तुला धर्मादाय आयुक्तांच्या दारात उभं राहता येतं. तुझी श्रद्धा हाच तुझा प्रश्न विचारायचा हक्क आहे, आणि ती सोडून तू तो हक्कच त्यांना दान करायला निघाला आहेस. सोडायचं काहून? जा देवळात. हात जोड. आणि मग कार्यालयात जाऊन हिशेब माग.

याची किंमत पडते, ते लपवत नाही. हिशेबासाठी मी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज केला, तेव्हापासून भजनी मंडळानं मला बोलावणं बंद केलं. आवाज बरा होता माझा. गुरुवारी संध्याकाळी ढोलकी ऐकू येते आणि अजून वाईट वाटतं. ज्या बायकांच्या पोरांना मी शिकवलं, त्यांनीही आडून सांगून पाहिलं की बाई, मारुतीशी कशाला वैर घेता? मारुतीशी माझं काही वाकडं नाही, आजही शनिवारी तेल घालते. मी हट्टी आहे, भांडखोर आहे, तुझ्या मावसाजींनी जन्मभर सांगितलं. असेन. पण त्या कागदावर आता तेरा ओळी येतात, आणि "इतर" सगळ्यात शेवटी, सगळ्यात लहान. हे कुणी आपणहून केलं नाही.

तेव्हा देशाचं जरा बाजूला ठेव. त्या संस्थेला पत्र लिही. निधीला आलेली रक्कम, पावती पुस्तकांचे क्रमांक, खर्च, आणि लेखापरीक्षकाचा अहवाल, एवढंच माग. आरोप एकही नको, विशेषणं तर मुळीच नकोत. दोन प्रती काढ, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घे. शिक्का द्यायला कुरकुर केली तर स्पीड पोस्टानं पाठव आणि पावती जपून ठेव. महिनाभर वाट पाहा, मग स्मरणपत्र. मसुदा आधी मला आणून दाखव, तुझी ऱ्हस्व-दीर्घाची बोंब मला ठाऊक आहे. रविवारी दुपारी नको, मी झोपते. चारनंतर ये.

तुझी,
मावशी