सातवीपर्यंत शाळा, पुढं जंगल

तुम्ही विचारलंय, कर्नाटकात गरिबीचा मुलांच्या शिक्षणावर आणि तब्येतीवर नेमका काय परिणाम होतो. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, जांबोटी भागातल्या एका खेड्यातली. इथंच शिकले आणि आता तालुक्यातल्याच एका सरकारी मराठी शाळेत अतिथी शिक्षिका आहे. तेव्हा उत्तर आमच्या बाजूचं.

गरिबाचं पोर शाळेतच येत नाही, असं बाहेरच्यांना वाटतं. येतं की. पहिलीच्या पटावर सगळी असतात. गळती लागते ती थेंबाथेंबानं. जुलैत रोप लावणी सुरू झाली की आया पहाटेच चिखलात उतरतात आणि चौथी-पाचवीतल्या मुली घरी धाकट्यांना सांभाळतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली एक जण रोज दुपारी बाराच्या सुमाराला यायची, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, कडेवर भाऊ. दोघं एका ताटात जेवायची. तास-दीड तास बसायची, भाऊ रडायला लागला की जायची. हजेरी मी लावत होते, पण भागाकार तिच्या हातून निसटला तो निसटलाच. पावसाळा संपला की वीटभट्ट्या सुरू. तिथं आईबापांबरोबर पोरंही जातात, अन् परीक्षेपर्यंत परत येतीलच असं नाही.

दुपारच्या जेवणाला आम्ही सगळे कानडी नावानंच बिसीऊट म्हणतो. ते आमच्याकडं 2003 मध्ये आलं, तेव्हा मी पाचवीत होते. त्याआधी डबा म्हणजे नाचणीची भाकरी आणि चटणी, तीही रोज नसायची. 2013 पासून दूध आलं, मग अंडी आली. तरीही राज्यात पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुलं वयाच्या मानानं खुजी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा 2019-21 चा अहवाल सांगतो. शाळेत पोर येतं सहाव्या वर्षी. तोवर जी वाढ राहून गेली ती अंड्यानं भरून निघत नाही.

पण खरा घोळ सातवीनंतर. लहान गावात शाळा पाचवीपर्यंत, जरा मोठ्या गावात सातवीपर्यंत. हायस्कूल पाच-सात किलोमीटरवर, वाटेत जंगल, ओढ्यावर लाकडी साकव, आणि अस्वलाची भीती. ही भीती गोष्टीतली नाही, आमच्या भागात अस्वलानं फाडलेली माणसं आहेत. माझी बहीण माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, अभ्यासात माझ्याहून हुशार. 2004 मध्ये सातवी झाली आणि थांबली. बाबा गोव्यात हॉटेलात कामाला, आई एकटी. ‘पावसात एकट्या पोरीला कोण सोडणार?’ एवढ्यावर विषय संपला. मी आठवीत गेले त्याच वर्षी सरकारनं दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना सायकली दिल्या. साखळी सारखी पडायची, चढाला ढकलत न्यावी लागायची, पण आमच्या गावच्या चौघी एकत्र निघायचो, त्यामुळे आईची भीती मोडली. बहिणीचं सतराव्या वर्षी लग्न झालं. आमच्या दोघींतला फरक म्हणजे ती सायकल. कोविडच्या काळात ती योजना बंद पडली.

आता भाषेचं. आठवीत पोरगं जातं तिथं बऱ्याचदा कन्नड माध्यम असतं. मराठी हायस्कूल हवं तर आणखी लांब. पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, तर कन्नड नाहीतर इंग्रजी. पैसेवाल्याला ही भिंत दिसतही नाही. तो पोराला पहिलीपासून बेळगावच्या इंग्रजी शाळेत घालतो, शिकवणी लावतो. सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणाऱ्या किती जणांची नातवंडं मराठी शाळेत आहेत, हे मी मोजत नाही, बरं दिसत नाही ते. सांगायचं एवढंच की सरकारी मराठी शाळेत आता उरलीत ती मुख्यतः गरिबाची पोरं, आणि पटसंख्या घटली की टांगती तलवारही त्यांच्याच शाळेवर. कन्नड शिकायला कुणाची ना नाही. माझ्या वर्गातली पोरं बाजारात मस्त कन्नड बोलतात. पण बाजारातलं कन्नड वेगळं आणि आठवीतलं विज्ञान कन्नडमधून समजणं वेगळं.

कागदांचा ताप तर विचारू नका. शिष्यवृत्तीसाठी जात-उत्पन्नाचा दाखला लागतो, त्यासाठी नाडकचेरीला, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीला, खेपा. एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. रेशनकार्डावर नाव कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत, शाळेच्या रजिस्टरात मराठीत, आणि तिन्हीकडं आडनाव वेगळं. माझ्याकडं एक मुलगा आहे, त्याचे हजार-दीड हजार रुपये या एका वेलांटीपायी अडकलेत. बाप म्हणतो, ‘टीचर, ऱ्हाऊ दे, तेवढ्यात माझी मजुरी बुडतेय.’

सगळंच वाईट आहे असं नाही. 2023 पासून राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार आईच्या खात्यात येतात. ते दारूत जातील असं ओरडणारे होते, मला मात्र जूनमध्ये पोरांच्या पायात नव्या चपला दिसल्या. बायका-मुलींना बसही फुकट झाली. फक्त बस गावात यायला हवी. ती येते फाट्यापर्यंत, पुढं दोन-तीन किलोमीटर पायीच.

म्हणून यंदा आम्ही काही जणांनी सातवीच्या पालकांना बसवून घेतलं. फाट्यापर्यंत मुलींना रोज आळीपाळीनं एका पालकानं पोचवायचं असं ठरलं. पाच मुली पास झाल्या होत्या. चौघींचे दाखले हायस्कुलात पोचले. पाचव्या मुलीचा अजून शाळेच्या कपाटात आहे. तिची आई म्हणते, लावणी उरकू दे, मग नेते.