शब्द अवघड वाटतात म्हणून कोर्स सोडायला लावू नका

औसा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी लातूरला रेडिओलॉजीच्या बी.एस्सी.ला, पहिल्या वर्षात आहे. दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली. शरीररचनेच्या पहिल्याच चाचणीत नापास झाली. ‘अँटिरिअर, पोस्टिरिअर, मीडिअल, लॅटरल, सगळं एकच वाटतं,’ म्हणत दिवाळीत घरी येऊन रडली. तिला परत आणून बी.ए.ला घालावं का, असं ते विचारतात.

दादा, या कारणासाठी तरी आणू नका. पोरगी शब्द नुसते पाठ करतेय, म्हणून ते एकमेकांत मिसळतात. तुमच्या जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते ना? तलाठी शिवारात कुठूनही शिरला तरी पूर्वेचा बांध पूर्वेलाच राहतो. शरीराची चतुःसीमाही अशीच ठरलेली आहे. माणूस ताठ उभा, नजर समोर, हात अंगालगत सोडलेले, तळहात पुढे. सगळ्या दिशा या स्थितीवरून धरायच्या. मग रुग्ण टेबलावर उताणा असो की पालथा, डोक्याकडचं ते सुपिरिअर, पोटाकडचं ते अँटिरिअर आणि पाठीकडचं ते पोस्टिरिअरच. शरीराच्या मधल्या रेषेजवळचं मीडिअल, लांबचं लॅटरल. तळहात पुढे धरलेला असल्यामुळे अंगठा लॅटरल आणि करंगळी मीडिअल येते. बहुतेक मुलं इथंच घसरतात, कारण हात मांडीवर पालथा ठेवून उत्तर शोधतात. प्रॉक्सिमल (धडाजवळचं) आणि डिस्टल (धडापासून लांबचं) मुख्यतः हातापायांसाठी: कोपर मनगटापेक्षा प्रॉक्सिमल, पण खांद्यापेक्षा डिस्टल. डावं-उजवं मात्र कायम रुग्णाचं.

तिला सांगा, वही मिटून होस्टेलच्या मैत्रिणीला समोर उभं कर आणि तिच्या अंगावर बोट ठेवत मोठ्यानं बोल. आरसा नको, त्यात डावं-उजवं फसतं. सुट्टीत घरी आली की आजीचा गुडघा आहेच.

हे शब्द परीक्षेपुरते नाहीत, तिचं उद्याचं काम त्यांच्यावरच चालणार आहे. छातीचा एक्स-रे शक्यतो पी.ए. (पोस्टिरिअर-अँटिरिअर) काढतात, म्हणजे किरण पाठीतून शिरतात आणि छाती डिटेक्टरला, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पाटीला, टेकलेली असते. ज्याला उभं राहवत नाही त्याचा खाटेवरच ए.पी., म्हणजे उलट, छातीकडून किरण सोडून, काढावा लागतो. त्यात हृदय डिटेक्टरपासून लांब पडतं, म्हणून आहे त्याहून मोठं दिसतं. फिल्मवर ए.पी. लिहायचं राहिलं, तर हृदय वाढलंय असा गैरसमज होऊ शकतो. सीटी स्कॅनचे आडवे काप पायांकडून पाहिल्यासारखे मांडतात. त्यामुळे उजव्या बाजूचं यकृत पडद्यावर आपल्या डाव्या हाताला येतं. ही समज पक्की असलेल्या टेक्निशियनवर डॉक्टर डोळे मिटून विश्वास टाकतात. मराठी शाळेमुळे यात काही अडत नाही. हे शब्द लॅटिन-ग्रीक मुळांचे आहेत, इंग्रजी शाळेतल्या मुलांनाही ते नवेच असतात.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक चौकशी जरूर करा. पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, कोर्सला मान्यता कुणाची, प्रात्यक्षिकं कोणत्या रुग्णालयात होतात आणि तिथं सीटीचं यंत्र चालू आहे का, हे कॉलेजकडून लेखी घ्या. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं या व्यवसायासाठी राष्ट्रीय आयोग आणि नोंदणीची तरतूद केली आहे, त्यामुळे मान्यता नसलेली पदवी पुढं नडेल. या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर कॉलेज बदलायचा विचार करा आणि मला पुन्हा लिहा.