जालन्याकडच्या आमच्या गावतळ्याच्या गाळातून जुनं जंगल, जुनी पिकं कळतील का?

तत्त्वतः हो. झाडांचे, पिकांचे परागकण तळ्यात पडून थराथराने गाळात साचतात. परागकणाचं कवच इतकं चिवट असतं की हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये माती विरघळते, कण तसाच राहतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजायचे आणि थराचं वय कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) वरून काढायचं.

पण तुमचं जालन्याकडचं तळं उन्हाळ्यात आटतं ना? मग अवघड आहे. गाळ उघडा पडून भेगाळला की हवेने पराग कुजतात, वरचा थर भेगेतून खाली पडतो. त्यात तळ्यातला गाळ उपसून शेतात टाकायच्या ‘गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेत जेसीबी लागला असेल तर थर केव्हाच शेतात गेले! तुमच्या जिल्ह्यातल्या मंठा तालुक्याला लागून असलेलं लोणार सरोवर (जिल्हा बुलढाणा) यासाठी उत्तम: खोल विवरातलं, खारं, तळाशी ऑक्सिजन नाही. तिथल्या गाळातून सुमारे ११ हजार वर्षांचा पावसाचा इतिहास वाचलाय.

पिकांचं म्हणाल तर ज्वारी-बाजरी आणि रानगवत यांचे कण सारखेच गोल, एका छिद्राचे; फरक मुख्यतः आकाराचा, तोही फसवा. कापसाचा काटेरी कण चटकन ओळखू येतो, पण तो जड, चिकट, वाऱ्याने फारसा उडत नाही. मका मात्र सापडला तर सहज ओळखू येतो: कण भलामोठा, आणि पीक अमेरिकेतून आलेलं, म्हणजे तो थर १५०० नंतरचाच.