आईच्या भाजीला दहापैकी चार

पाचवीतल्या एका मुलाची आई माझ्याकडे सल्ल्यासाठी आली, ती चिडलेली नव्हती, दुखावलेली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा शाळेतून आला की लहान मुलांच्या स्वयंपाकाच्या स्पर्धा बघत बसायचा, आधी टीव्हीवर आणि मग तिच्या मोबाईलवर. हल्ली जेवताना तो प्रत्येक पदार्थाला मार्क देऊ लागला होता. दुधीच्या भाजीला दहापैकी चार, कारण “प्लेटिंग नाही”, म्हणजे ताटात सजवून वाढलेली नाही. एका रविवारी हट्टानं केलेला रव्याचा केक मध्येच बसला, तेव्हा भांडं आपटून किती तरी वेळ रडला.

“सासूबाई म्हणतात, हे सगळं बंदच कर. करू का, मॅडम?”

हा प्रश्न मला बरेच पालक विचारतात. माझं उत्तर सहसा ‘नको’ असंच असतं. नेदरलँड्समधल्या पाच शाळांतल्या 10 ते 12 वर्षांच्या 125 मुलांचा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना पौष्टिक पदार्थ करून दाखवणारा कार्यक्रम थोडा वेळ दाखवला, काहींना तळकट-गोडाचा. मग खाऊ निवडायला सांगितलं. पौष्टिक पदार्थ पाहिलेल्या मुलांनी फळ किंवा काकडी उचलण्याची शक्यता दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 2.7 पट जास्त निघाली. हा लगेच दिसलेला परिणाम आहे, त्यावरून सवय लागली असं म्हणता येणार नाही. पण मूल पडद्यावर काय बघतं, हे त्याच्या हातात काय येतं याच्याशी जोडलेलं आहे एवढं नक्की.

“पण तो बघतो त्यात सगळं चीज आणि चॉकलेटच!” आई म्हणाली. मला त्याहून जास्त काळजी स्पर्धेची वाटत होती. आपल्याकडे 2013 मध्ये स्टार प्लसवर ज्युनियर मास्टरशेफ ही मुलांच्या स्वयंपाकाची स्पर्धा आली. अशा कार्यक्रमांत तासाभराची धावपळ काही मिनिटांत उरकते, ओट्यावरचा पसारा कुणी आवरताना दिसत नाही, आणि बाहेर पडणाऱ्या मुलाचा रडवेला चेहरा मात्र जवळून दाखवतात. मोठ्या माणसाला तो खेळ वाटतो. दहा वर्षांच्या मुलाला नाही.

मुलाशी एकट्यानं बोलले. त्यातलं कोण आवडतं, असं विचारलं.

“जज.”

“का रे?”

“त्यांना कुणी बाहेर काढू शकत नाही.”

मग हळूहळू कळलं. शाळेत शिष्यवृत्तीच्या जादा तासांसाठी मुलं निवडली होती, त्यात त्याचं नाव नव्हतं. घरी त्यानं हे सांगितलंच नव्हतं. मार्क देणं हा मला उर्मटपणा वाटला नाही. निदान घरात तरी आपण खुर्चीच्या सुरक्षित बाजूला असावं, एवढीच त्याची धडपड होती.

आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. वर्गशिक्षकांना भेटायचं तिनं तिथेच ठरवलं.

घरासाठी आम्ही थोडंच ठरवलं. काही दिवस स्पर्धा नकोत, नुसतं करून दाखवणारे कार्यक्रम, तेही आईबरोबर. पाहिलेल्यातलं एखादं त्याच आठवड्यात घरी करायचं. मटार सोलणं, कणीक मळणं, कोशिंबीर कालवणं ही त्याची कामं. सुरी आणि गॅस मोठं माणूस शेजारी असेल तरच. जेवताना मार्क बंद, पण “मीठ कमी आहे” म्हणायला हरकत नाही. ते खाणाऱ्याचं मत आहे, निकाल नव्हे.

सगळ्यात जास्त फरक आजीनं घडवला. कार्यक्रम बंद करा म्हणणाऱ्या त्याच आजीनं त्याला थालीपीठ थापायला बसवलं. दुधी त्यानं स्वतः किसला. पहिलं थालीपीठ तव्याला चिकटलं, आणि आजी “माझंही चिकटतं की रे कधीकधी” म्हणत ते खरवडून खाऊन मोकळी झाली. पुढच्या भेटीत हे त्यानंच मला सांगितलं, अगदी रंगवून.

दुधीची भाजी अजून त्याला आवडत नाही. आईला म्हटलं, घाई नको. नवी चव रुळायला बऱ्याच मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा चाखावी लागते. मूल जेवणच टाळू लागलं, वजन उतरू लागलं किंवा आपण जाड दिसतो म्हणून घास मोजू लागलं, तर मात्र वाट बघू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.