डार्विनचं घर बघायला जाऊ का?

प्रश्न: लेक लंडनला असते. जूनमध्ये नववीतल्या नातवाला घेऊन पहिल्यांदाच तिच्याकडे जाते आहे. नातवाला डार्विनचं घर बघायचंय. लेक म्हणते, लांब आहे, आत जुनं सामानसुमान असणार, त्यासाठी अख्खा दिवस कशाला? माझे गुडघेही दुखतात. काय करावं? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, जरूर जा. साताऱ्याच्या शाळेत मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. डार्विन म्हटलं की त्याच्या जगप्रवासाचं जहाज आणि पक्ष्यांच्या चोची, एवढंच फळ्यावर काढत आले. निवृत्तीनंतर त्याच्या घरी, डाऊन हाउसला गेले, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की जहाजावर हा माणूस पाच वर्षं होता आणि या घरात चाळीस! 1842 पासून 1882 ला डोळे मिटेपर्यंत.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून ट्रेननं ब्रॉम्ली साउथला उतरा, तिथून 146 नंबरची बस. बस तासाभरानं असते, त्यामुळे परतीची वेळ आधीच बघून ठेवा. घर कुठल्या दिवशी उघडं असतं तेही लेकीला बघायला सांगा.

अभ्यासिका तळमजल्यावरच आहे. तिथली खुर्ची नातवाला नीट दाखवा. पायांना चाकं लावलेली आहेत. खुर्चीच्या हातांवर फळी आडवी टाकून डार्विन लिहीत बसायचा. उत्क्रांतीवरचा 1859 चा तो ग्रंथ, ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’, इथेच लिहिला. दिवाणखान्यात पियानो आहे. डार्विन गांडुळांचाही अभ्यास करायचा, त्यात हा पियानो कामी आला. गांडुळांना नुसते सूर ऐकवले तर ती हलायची नाहीत, पण त्यांच्या कुंड्या पियानोवर ठेवून एकच स्वर वाजवला की कंपनानं सरकन बिळात जायची. घरातली माणसं हे प्रयोग किती मनापासून करत असतील!

पण खरा वेळ ठेवा बागेसाठी. हिरवळीवर एक गोल दगड आहे, मधोमध भोक असलेला. गांडुळं खालची माती वर आणून टाकतात, तसा दगड हळूहळू खचतो. वर्षाला साधारण दोन मिलिमीटर. ते मोजायचं उपकरण डार्विनच्या मुलानं, होरेसनं, बनवलं होतं. मी त्या दगडाजवळ बराच वेळ उभी होते. वर्षाला दोन मिलिमीटर मोजायला केवढा धीर लागतो!

काचघरात कीटक खाणारी झाडं आहेत. आपल्या कासच्या पठारावरच्या दवबिंदू नावाच्या रोपाची भावंडंच ती. शेवटी सँडवॉक, म्हणजे झाडीतून जाणारी पायवाट. डार्विन रोज तिथे फेऱ्या मारायचा आणि मोजायला कोपऱ्यावर दगड रचून ठेवायचा, फेरीला एक बाजूला सारायचा. वाट सपाट आहे, सावकाश चाललात तर गुडघ्यांना फार त्रास होणार नाही.

परत आल्यावर पावसाळ्यात नातवाकडून एक प्रयोग करून घ्या. डार्विननं तीन फूट बाय दोन फूट जागा खणून साफ केली आणि उगवणारं प्रत्येक तण मोजलं. 357 रोपं उगवली, त्यातली 295 मेली, बहुतेक गोगलगायींनी आणि किड्यांनी खाल्ली. आम्ही शाळेच्या आवारात हेच केलं होतं. प्रत्येक रोपाशेजारी खूण रोवावी लागते. आगपेटीच्या काड्या पावसात मोडतात, खराट्याचे हीर घ्या.